आत्याचं प्रकरण प्रांतांकडे गेलं तेव्हा

आत्याला मूलबाळ नाही, आणि कायद्याच्या लेखी मी तिची कुणी लागत नाही. प्रांत कार्यालयातल्या अव्वल कारकुनांनी हे मला कागद चाळता चाळता सहज सांगून टाकलं. माझं नाव जिने माझ्या कानात सांगितलं, मॅट्रिकला जिच्या घरी राहून मी अभ्यास केला, तिची मी कुणी नाही. आणि जे तिच्याकडे फक्त पेरणीला आणि मळणीला फिरकत, ते तिचे नातेवाईक. ऐकून आधी राग आला. नंतर कळलं, की याच व्याख्येमुळे आमचं काम होणार होतं.

आत्याचं सासर सातारा जिल्ह्यात. यजमान जाऊन वीसेक वर्षं झाली. त्यांच्या मागे तिने पिठाची गिरणी एकटीने चालवली, गुडघे बोलायला लागले तेव्हा विकली. नावावर कौलारू घर आणि वीस गुंठे जमीन. दीर वारले, नणंद नव्हतीच. दिराला दोन मुलगे आणि एक मुलगी. थोरला स्वतःच्या रानाबरोबर आत्याचे वीस गुंठेही कसतो, धाकट्याचा टेम्पो आहे, मुलगी इचलकरंजीला दिलेली. गेल्या पावसाळ्यात आत्या न्हाणीत घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. सरकारी दवाखान्यात ऑपरेशन झालं, रॉड बसला, आणि मी तिला पुण्याला घेऊन आले.

आमचं घर दोन खोल्यांचं. एका खोलीत सासूबाई. त्यांच्याच खोलीत आत्याचा पलंग टाकला. दोघींनीही मनापासून निभावून नेण्याचा प्रयत्न केला, हे मला सांगायलाच हवं. पण आत्या पहाटे चारला उठून हरिपाठ म्हणणार आणि सासूबाईंना रात्री मालिका संपल्याशिवाय झोप नाही. मी पतसंस्थेत नोकरीला, ह्यांची शिफ्ट. ब्युरोकडून बारा तासांची मावशी ठेवली, तिचे महिन्याला १८,००० रुपये. माझा पगार सांगितला तर लोक हसतील, म्हणून सांगत नाही.

वृद्धाश्रमाचा विषय आत्यानेच काढला. पण तिची अट होती: पैसे भरून राहीन, फुकटच्या ठिकाणी नाही. मला गंमत वाटली. पंचाहत्तरी पूर्ण झाल्यावर एस.टी.चा मोफत प्रवास सुरू झाला, तेव्हा हीच बाई आधार कार्ड मुठीत धरून गोंदवल्याला, पालीला, नृसिंहवाडीला फिरून आली होती. रेशनचं धान्य घेते. श्रावणबाळ योजनेचे दरमहा १,५०० रुपये खात्यावर जमा झाले की नाही, हे बँकेत जाऊन पासबुक भरून बघते. मी म्हटलं, "एस.टी.त फुकट बसतेस, मग आश्रमात का नको?"

"एस.टी. सगळ्या म्हाताऱ्यांना फुकट आहे. पाटलांची म्हातारी पण बसते. आश्रमातलं फुकट म्हणजे जिचं कुणी नाही तिचं."

यावर मी बरेच दिवस विचार केला आणि तिचंच बरोबर आहे असं माझं मत झालं. आपल्याकडे सरकारी मदतीला लोक लाजतात असं म्हणतात, ते तितकंसं खरं नाही. जी सवलत वयावर मिळते ती माणसं ताठ मानेने घेतात. जी मिळवण्यासाठी 'मला कुणी नाही' असं लिहून द्यावं लागतं, तिथे माणूस अडतो. आत्याला माणसं होती. तेच तर सगळं दुखणं होतं.

माझं मात्र पैशाचं गणित जमत नव्हतं, म्हणून तिला न सांगता मी एका अनुदानित वृद्धाश्रमात चौकशी केली. तिथले व्यवस्थापक गृहस्थ चांगले होते. पुरुषाला ६० आणि स्त्रीला ५५ वर्षं पूर्ण हवीत, महाराष्ट्राचा रहिवासी असावा, संसर्गजन्य आजार नसावा, हे सगळं आत्याचं बसत होतं. मग त्यांनी विचारलं, स्वतःचं स्वतः करतात का? म्हटलं, वॉकरने चालते, पण संडासला आणि आंघोळीला हात द्यावा लागतो. त्यांनी पेन खाली ठेवलं. त्यांच्याकडे रात्रपाळीला एकच माणूस. पुढचा प्रश्न निराधार असल्याच्या दाखल्याचा. तो मागायला तलाठ्याकडे गेले तर तो म्हणाला, "ताई, घर आहे, वीस गुंठे आहेत, गावात पुतणे आहेत. निराधार कशी लिहू?" त्याच्या जागी मी असते तरी मीही लिहिलं नसतं.

म्हणजे माणसं आहेत म्हणून सरकारी सोय नाही, आणि माणसं असून सोय नाही म्हणून सरकारकडे जायचं. १९९५ साली राज्याने मातोश्री वृद्धाश्रमांची योजना काढली, तेव्हा त्यात निम्म्या जागा शुल्क भरून राहणाऱ्यांसाठी ठेवल्या होत्या. कुणाचं तरी डोकं त्या वेळी बरोबर चाललं होतं. ज्यांचं घर आहे पण घराला झेपत नाही, अशांचा विचार त्यात होता. आज मध्यमवर्गातली, थोडीफार शेती असलेली म्हातारी माणसं नेमकी याच फटीत सापडतात.

याच काळात घरात एक प्रकार घडला. खाजगी वृद्धाश्रमांची दोन-तीन माहितीपत्रकं मी टीव्हीजवळ ठेवली होती. सासूबाईंचं बोलणं एकदम कमी झालं. जेवायला बोलावलं की "भूक नाही". ह्यांना वाटलं पित्त झालं. माझ्या उशिरा लक्षात आलं, की त्यांना वाटतंय ही पत्रकं त्यांच्यासाठी आहेत आणि आत्याचं नुसतं निमित्त आहे. मी समजावलं, शपथ घेतली. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी भाजी निवडताना त्यांनी विचारलं, "तिथं स्वतंत्र खोली मिळते का गं?" मी त्यांच्याकडे बघतच राहिले. "सहज विचारलं," म्हणाल्या. त्या प्रश्नात भीती किती आणि खरी चौकशी किती, हे मला अजून उलगडलेलं नाही.

ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे, सकाळी आठ ते रात्री आठ. एका संध्याकाळी तिथे फोन लावला. पलीकडच्या मुलीने शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आजींची जमीन कोण कसतं?" मला वाटलं विषय भरकटला. पण तिला नेमका धागा सापडला होता. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७ हा फक्त मुलांनी टाकलेल्या आई-बापांसाठी आहे, असा माझा समज होता. तो मूलबाळ नसलेल्यांसाठीही आहे. अशा व्यक्तीची मालमत्ता ज्याच्या ताब्यात आहे, किंवा तिच्या पश्चात ज्याला मिळणार आहे, त्या वारसाची ऐपत असेल तर सांभाळायची जबाबदारी त्याची. अर्ज प्रांतांकडे करायचा, या कायद्याचं न्यायाधिकरण तेच. स्वतः जाता येत नसेल तर दुसऱ्या कुणाला अधिकार देता येतो.

तिथेच त्या अव्वल कारकुनांची गाठ पडली. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे मृत्युपत्र न करता गेलेल्या निपुत्रिक विधवेची नवऱ्याकडून आलेली मालमत्ता नवऱ्याच्या वारसांकडे जाते, माहेरी येत नाही. दीर-नणंद हयात नाहीत, तेव्हा दिराची मुलं वारस. भाची कुठेच नाही. "तुम्ही फक्त अर्ज घेऊन येणाऱ्या," ते म्हणाले. अर्ज साध्या कागदावर चालतो. सोबत आधार, वयाचा दाखला, ग्रामपंचायतीचा नमुना ८चा उतारा, सातबारा, दवाखान्याची कागदपत्रं. सातबारावर पीकपाहणीत थोरल्याचा ऊस लागलेला होता, त्यामुळे ताबा कुणाचा हे सिद्ध करायला वेगळं काही लागलं नाही.

आत्याला सहीसाठी तयार करणं हेच खरं कठीण काम. "दिराच्या पोरांवर केस? लोक शेण घालतील तोंडात." मी सांगितलं, केस नाही, अर्ज आहे. तिला हा फरक पटला नाही, आणि खरं तर मलाही पटत नव्हता. शेवटी ती तयार झाली ती वेगळ्याच कारणाने. ब्युरोच्या मावशीचं बिल तिने माझ्या पर्समधून काढून वाचलं होतं. चष्मा लावून, एकेक अक्षर जोडत तिने अर्जावर पूर्ण नाव लिहिलं. आडनाव सासरचं.

नोटीस गेली त्या रात्री थोरल्याचा फोन आला. "ताई, काकीला आम्ही कधी नाही म्हटलं होतं? डायरेक्ट प्रांताची नोटीस? गावात तोंड दाखवायला जागा ठेवली नाही तुम्ही." मी ऐकून घेतलं. कारण त्याच्या बोलण्यात एक गोष्ट खरी होती. आत्या पडायच्या आधी दोन वर्षं थोरल्याची बायको रोज दुपारी तिला भाकरी-भाजी नेऊन देत होती. ताटलीवर ताटली झाकून, वर ओलं फडकं, उन्हातान्हात. तिने नोकरी म्हणून नाही केलं, हिशेब ठेवून नाही केलं. आणि कायद्याच्या हिशेबात ती माझ्यासारखीच कुणी नाही. २०१९ साली संसदेत एक दुरुस्ती विधेयक आलं होतं, त्यात सून आणि जावई यांनाही जबाबदार धरायचं म्हणत होते. ते मंजूर झालं नाही. झालं असतं तरी चुलत-सासूला रोज जेवण नेणारीची नोंद त्यात कुठे होणार होती, कोण जाणे.

प्रांतांनी प्रकरण आधी समेटासाठी पाठवलं. समेट अधिकारी म्हणून एक निवृत्त मुख्याध्यापक होते. बाहेर बाकावर आमच्यासारखेच बरेच जण. एका आजोबांच्या हातात साडीच्या दुकानाची पिशवी, त्यात कागद. मुलगा त्यांच्याच शेजारी बसलेला आणि दोघं एकाच बाटलीतलं पाणी पीत होते. आत एकमेकांविरुद्ध बोलायचं होतं. धाकट्याने तालुक्याचा एक वकील आणला होता. या कायद्यात न्यायाधिकरणापुढे वकिलाला उभं राहता येत नाही, त्यामुळे तो बिचारा काळा कोट घालून व्हरांड्यात पेपर वाचत बसला.

मुख्याध्यापकांनी आम्हाला कुणालाही न विचारता पहिला प्रश्न आत्याला केला. "आजी, तुम्हाला काय पाहिजे?"

मला वाटलं ती रडेल किंवा म्हणेल काही नको. ती म्हणाली, "रात्री संडासला लागली तर हाक मारल्यावर कुणीतरी यावं. येणाऱ्याने तोंड वाकडं करू नये. नात्यातला असला काय, नसला काय."

थोरला लगेच म्हणाला, "काकी, आपल्या घरी चल. तुझी सून करेल."

"ती करेल," आत्या म्हणाली. "तिला विचारलंस का?"

थोरल्याने मान खाली घातली. त्याची बायको आली नव्हती, तिला बोलावलंच नव्हतं.

मग पैशाचा विषय निघाला. आम्ही एका ट्रस्टच्या वृद्धाश्रमाची चौकशी केली होती, जिथे हात देणाऱ्या बायका रात्रीही असतात. तिथले महिन्याला ९,००० रुपये. या कायद्याखाली जास्तीत जास्त १०,००० पर्यंत निर्वाह भत्ता लावता येतो. आश्रमाच्या नऊ हजारांतले १,५०० आत्याचे स्वतःचे, १,५०० मी देणार, राहिले ६,०००. मुख्याध्यापक म्हणाले, वारस एकाहून जास्त असतील तर ज्याला जितका वाटा मिळणार त्या प्रमाणात त्याने द्यायचं, असं कायद्यातच आहे. म्हणजे दोघे भाऊ, तीन-तीन हजार.

धाकटा खुर्चीतून उठलाच. "मग आमच्या बहिणीला पण बोलवा की! ती पण वारस आहे. मुलीला मुलाइतकाच हक्क आहे आता."

खोलीत एकदम शांतता झाली. कारण गावात सगळ्यांना माहीत होतं, की वडील वारल्यावर याच दोघांनी या बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली होती. रक्षाबंधनाला साडी नेसवून. मुख्याध्यापकांना ते ठाऊक नसावं, पण त्यांनी शांतपणे लिहून घेतलं आणि पुढच्या तारखेला तिलाही बोलावलं.

ती आली. कापडाच्या दुकानात काम करणारी, सुती साडी, हातात डबा. तिला विषय सांगितला. ती म्हणाली, "काकीसाठी दोन हजार मी देईन. तिने मला शाळेत असताना सायकल घेऊन दिली होती. पण साहेब, कागदावर लिहा की मी देतेय ते वारस म्हणून देतेय." भावांनी एकमेकांकडे पाहिलं. धाकटा पुटपुटला, "वारस म्हणून कशाला, माया म्हणून दे." तिने डबा मांडीवर घेतला आणि म्हणाली, "मायेचं तुम्ही द्या. मी वारस म्हणून देते."

मुख्याध्यापकांनी तसंच लिहिलं. मला वाटतं त्या दिवशी त्या खोलीत कायदा खऱ्या अर्थाने जर कुणाला समजला असेल तर तो तिला. हक्क आणि जबाबदारी एकाच कागदावर आली, की त्यातलं एक पुसून दुसरं ठेवता येत नाही. आत्या मात्र तिच्याकडे बघून हसत होती. बाहेर आल्यावर तिने तिच्या पदराला धरून सांगितलं, "सायकल मी नव्हती घेतली गं. तुझ्या काकांनी घेतली होती." दोघी बराच वेळ हसत बसल्या.

समेट झाला, लेखी झाला, आणि प्रांतांनी त्यावर आदेश काढला. वारसांनी प्रत्येकी २,००० रुपये दर महिन्याच्या दहा तारखेपर्यंत आत्याच्या खात्यात भरायचे. आदेश वाचून दाखवताना पैसे थकवले तर वॉरंट निघू शकतं, तरीही न भरल्यास महिनाभरापर्यंत कैद होऊ शकते, हा भाग आला. आत्या म्हणाली, "ते नका वाचू." कारकून म्हणाले, "आजी, वाचावंच लागतं."

आत्या आता त्या ट्रस्टच्या वृद्धाश्रमात आहे. पलंगाशेजारी बेल आहे, संडासात दोन्ही बाजूंना दांड्या आहेत. वॉकरच्या पायाचं एक रबरी बूच झिजून फरशीवर सरकायचं, ते तिथल्या बाईने पहिल्याच आठवड्यात बदललं. माझ्या घरी ते महिनाभर तसंच होतं. गावाकडच्यांना तिने सांगितलंय की पैसे भरून राहते. कुणी 'आश्रमात टाकली' म्हटलं तर ती आदेशाची झेरॉक्स दाखवते. ज्या नोटिशीला ती घाबरत होती, तोच कागद आता तिची प्रतिष्ठा झालाय. तिला माणसं आहेत, आणि ते सरकारने लिहून दिलंय.

ह्यांनी एकदा हळूच सुचवलं, की आत्याने घर माझ्या नावाने मृत्युपत्रात लिहिलं तर काय हरकत आहे, सगळं तूच करतेस. मला ते आवडलं नाही, पण आत्याच्या कानावर गेलंच. ती म्हणाली, "नको. हिच्या नावावर केलं तर उद्या हिलाही नोटीस येईल. तिघांचं आहे ते तिघांनाच राहू दे, निदान पैसे तरी भरतील." अव्वल कारकुनांनीही एकदा बजावलं होतं, की बक्षीसपत्र वगैरे कुणाच्या नावे करायचंच झालं तर 'सांभाळण्याच्या अटीवर' हे शब्द त्यात लिहून घ्या, पुढे सांभाळलं नाही तर कलम २३ खाली ते रद्द करून मागायला तो आधार लागतो. आत्याने ते लक्षात ठेवलंय. आश्रमातल्या इतर बायकांना ती हे कलम नंबरासकट सांगते.

सासूबाई माझ्याबरोबर दोनदा तिला भेटून आल्या. दुसऱ्या वेळी त्यांनी तिथला जिना, गच्ची आणि स्वयंपाकघरही बघून घेतलं. घरी आल्यावर माझ्याशी त्यावर बोलल्या नाहीत, मुलाशी बोलल्या. काय बोलल्या ते हे मला सांगत नाहीत.

पैशांचं म्हणाल तर इचलकरंजीचे एक तारखेलाच येतात. थोरल्याचे दहाच्या आत येतात, आणि त्याची बायको अधूनमधून ज्वारीचं पीठ पाठवते, जे वेगळंच. धाकट्याचे मात्र दोन महिने थकलेत. टेम्पोचं इंजिन गेलंय म्हणतो, आणि ते खरंही आहे, मी गावात विचारलं. आत्या म्हणते दिवाळीपर्यंत थांब, हंगाम आहे, देईल. पण थकलेल्या रकमेसाठी ती देय झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत अर्ज केला नाही तर वॉरंट काढता येत नाही, आणि दिवाळी त्याच्या पुढे जाते. अर्ज मी लिहून ठेवलाय. सही तिची लागेल.